बालदिनाला सोसायटीत फिरतं प्राणीघर बोलवायचं का?

वाकडची_आई

मंडळी, जरा घाईत विचारतेय. आमच्या सोसायटीत (वाकड, पुणे) दर 14 नोव्हेंबरला बालदिन दणक्यात होतो. आतापर्यंत जादूगार, टॅटूवाला, बाउन्सी कॅसल सगळं करून झालंय. यंदा कमिटीतल्या एका काकांनी 'पेटिंग झू'चं काढलंय. एक माणूस टेम्पोतून प्राणी घेऊन येतो, पोडियमवर जाळी लावतो आणि मुलं आत जाऊन त्यांना हाताळतात.

त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पॅकेज असं: 6 ससे, 6 गिनी पिग, शेळीची 2 पिल्लं, बदकांची जोडी, 1 कासव, 2 पोपट ('बोलणारे'), कुत्र्याची पिल्लं 'उपलब्धतेनुसार' आणि 40 रंगीत कोंबडीची पिल्लं. ही रंगीत पिल्लं रिटर्न गिफ्ट, प्रत्येक मुलाला एक, छिद्रं पाडलेल्या खोक्यात घालून. दोन तासांचे बारा हजार. वेळ सकाळी साडेदहा ते साडेबारा.

मुलं साधारण पन्नास, वयं दीड ते दहा. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि प्राण्यांसाठी वेडी आहे, त्यामुळे 'नकोच' असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण ते पॅकेज वाचून पोटात कसंतरी झालं. मीटिंगमध्ये बोलले तर 'तुम्ही प्रत्येक गोष्टीत खुसपट काढता' असं ऐकून घेतलं. प्राण्यांचे हाल होतात का, मुलांना काही संसर्ग वगैरे, आणि हे कायद्यात बसतं का? कुणी बोलावलं असेल तर सांगा. प्राणीप्रेमी विरुद्ध इतर अशी हाणामारी कृपया नको, रविवारी पुन्हा मीटिंग आहे.

तिरकस

आमच्याकडे नंदीबैलवाला यायचा. गुबूगुबू वाजवायचा, 'पाऊस पडंल का रं?' विचारायचा, बैल मान हलवायचा, आजी सुपातून जोंधळे घालायची. कार्यक्रम संपला. पोडियम नाही, पॅकेज नाही, आणि बैल कुणी मांडीवर घेत नव्हतं.

ती 40 पिल्लं जगली तर होळीच्या सुमारास चौदाव्या मजल्याच्या बाल्कन्यांतून आरवायला लागतील. मेंटेनन्सच्या बिलात तेवढी एक ओळ वाढवून घ्या. हघ्या (हलके घ्या).

शिवगंगाकाठ

ताई, मी हाच धंदा करतो म्हणून लिहितोय. खेड शिवापूरच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. घरच्या उस्मानाबादी शेळ्या, ससे, गिनी पिग, गावठी कोंबड्या. शाळांमध्ये, वाढदिवसांना आम्ही जनावरं घेऊन जातो. तेव्हा मी धंद्याच्या विरोधात बोलणार नाही, पण तुमचं पॅकेज वाचून डोकं फिरलं.

आधी त्या पिल्लांचं बोलतो, कारण ते सगळ्यात वाईट आहे. अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात त्या जातीतले नर कुणालाच नको असतात. अंडी देत नाहीत आणि मटणाच्या हिशेबाने अंगही धरत नाहीत. हॅचरीतून ती मातीमोल भावाने निघतात, कुणीतरी त्यांना गुलाबी-हिरवा रंग मारतो आणि जत्रेत टोपल्यातून विकतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 32 ते 35 अंश ऊब लागते. कोंबडी नसेल तर बल्ब लावावा लागतो. नोव्हेंबरात वाकडला रात्री पारा पंधराच्या आसपास येतो. बुटाच्या खोक्यात एकटं पिल्लू रात्रभर ओरडतं, कारण त्याला ऊब द्यायला दुसरं पिल्लू शेजारी नसतं. मग एखाद्या सकाळी ते ओरडायचं थांबतं आणि पोराला काय सांगायचं यावर आईबापांत वाद होतो. बालदिनाची भेट म्हणून हे द्यायचंय का, एवढंच त्या काकांना विचारा.

पोपट हिरवा, लाल चोचीचा आणि गळ्याला पट्टीवाला असेल तर तो आपला देशी पोपट. त्याला पिंजऱ्यात ठेवणं हाच गुन्हा आहे, 'माझ्या घरचाच आहे साहेब' हे वनखातं ऐकत नाही. कासवाच्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव, तेही तसंच. 1972चा वन्यजीव कायदा, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर तो आणखी कडक झालाय. परदेशी पोपट, परदेशी कासवं यांच्यातल्या बऱ्याच जातींचीही आता नोंदणी करावी लागते. त्या माणसाकडे नोंदणीचा कागद मागा. नुसतं 'कागद पाठवा' म्हटलं की निम्मे लोक पॅकेजमधून पोपट गाळतात, हा माझा अनुभव.

आता ससे. लोकांना वाटतं ससा मांडीवर गप्प बसला म्हणजे लाडात आला. ससा हा शिकार होणारा जीव. पळायला वाट नसली की तो थिजतो. कान पाठीला चिकटलेले, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय, अंग दगडासारखं: तो घाबरलाय. गिनी पिगही तसंच करतं. खूश असलं की 'वीक वीक' करून डोकं खातं, आणि भ्यालं की आवाज बंद. त्यामुळे ज्या रिंगणात सगळं एकदम शांत आणि गोड चाललंय तिथेच माझं लक्ष जास्त असतं. काही खेळवाले सशाला उताणा करून पोटावर हात फिरवतात, तो निपचित पडतो, मग 'बघा, सशाला झोपवला' म्हणून टाळ्या घेतात. ती झोप नाही. वाघाच्या तोंडी सापडल्यावर मेल्याचं सोंग घ्यावं तसला तो प्रकार आहे. आणि सशाच्या मागच्या तंगड्यांत जोर फार, कणा मात्र नाजूक. अर्धवट धरलेला ससा झटका मारून स्वतःचीच पाठ मोडून घेतो. लहान पोराच्या हातात उभा ससा देतात ना, तिथे मला बघवत नाही.

आम्ही कसं करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. जमिनीवर ताडपत्री, त्यावर भाताचं तूस, भोवती कमरेएवढी जाळी. आत प्रत्येक कोपऱ्यात खोकं, आणि खोक्याला दोन भोकं. एकच भोक असेल तर आत गेलेला ससा कोंडला जातो, पोरं तोंडाशी हात घालून बसतात. नियम एकच: खोक्यात गेलेल्याला बाहेर काढायचं नाही. एका वेळी आत सहा मुलं, सगळी चटईवर मांडी घालून. हातावर लसूणघास किंवा कोथिंबिरीच्या काड्या ठेवायच्या आणि थांबायचं. ज्याला यायचं तो येईल. कुणाला उचलून कुणाच्या मांडीत देत नाही, मुलाच्या आजीने सांगितलं तरी नाही. पाऊण तास झाला की पहिली तुकडी गाडीत सावलीला, दुसरी बाहेर.

'एवढ्यात पोरं कंटाळतात' असं आयोजक म्हणतात. पोरं नाही कंटाळत. मागे एका शाळेत एक मुलगा जाळीच्या आतच यायला तयार नव्हता. बाहेर उकिडवा बसून तो आमच्या चंपीकडे बघत होता. चंपी म्हणजे म्हातारी शेळी, लांब कानांची, कुणाला भीक न घालणारी. ती निवांत रवंथ करत होती. बऱ्याच वेळाने म्हणाला, 'काका, ती गिळते आणि मग ते परत वर येतं.' गळ्यावरून गोळा वर सरकताना त्याने पाहिला होता. मग डोळ्याची बाहुली आडवी का, खालीच दात आहेत वर का नाहीत, असे प्रश्न सुरू झाले. हात एकदाही लावला नाही त्याने. त्याच वेळी आत दोन आया मुलांच्या डोक्यावरून मोबाइल धरून 'इकडे बघ, सश्याला वर धर' करत होत्या. पोरांना आवरणं सोपं आहे हो.

शेळीच्या पोटाचं एक ध्यानात ठेवा. पार्टीत लोक पोळी, ब्रेड, केकसुद्धा भरवतात, आणि ती खातेही हावऱ्यासारखी. एकदम पीठ-साखर पोटात गेली की आंबतं, पोट फुगतं, रात्री जनावर आडवं. फुग्याचे तुकडे, रिबिनी तीही चघळते. आणि तुमच्या पोडियमवर कण्हेर आहे का बघा. पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांत असते, पाणी कमी लागतं म्हणून लावतात. कण्हेरीची मूठभर पानंसुद्धा करडाला पुरतात. जो माणूस आल्या आल्या झाडं बघत फिरतो त्याला काम कळतं असं समजा.

वेळही चुकलीय. सशाला घाम येत नाही, उष्णता काय ती कानांतून टाकतो. साडेबाराला पोडियमची फरशी पायाला चटके देते. सकाळी आठ ते दहा करा, डीजे बंद, दिवाळीचे उरलेले फटाके बंद. त्याला विचारा: जनावरं रात्री कुठे ठेवतो, पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांची लस कधी दिली, मधे विश्रांती किती, आदल्या दिवशी दुसरा कार्यक्रम आहे का. आणि करडांच्या ओठांवर खपल्या दिसल्या (आम्ही मावा म्हणतो) तर गेटवरूनच परत पाठवा. ते माणसाच्या हाताला लागतं.

अवांतर: आमची गाडी म्हणजे छोटा हत्ती. एका वाढदिवसाला यजमानांनी फोनवर विचारलं कशात येताय, मी सांगितलं. तिथे पोचलो तर वीसेक पोरं गेटवर हत्तीची वाट बघत उभी!

गोठ्यातला_डॉक्टर

शिवगंगाकाठ यांच्याशी जवळपास सगळं सहमत. मी पशुवैद्यक आहे, फक्त संसर्गापुरतं लिहितो.

कोंबडीची पिल्लं, बदकं आणि कासवं ठणठणीत दिसत असतानाही त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला (जुलाब-तापाचा जंतू) जाऊ शकतो. शेळ्या-मेंढ्यांकडून ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे वाईट प्रकार. ससे आणि गिनी पिग यांच्याकडून मुलांना गजकर्ण मिळतो; हे सगळ्यात जास्त दिसतं आणि आईबाप दोन आठवडे 'उष्णतेने उठलंय' म्हणत खोबरेल लावत बसतात. यातलं बहुतेक साबण आणि वाहत्या पाण्याने टळतं. सॅनिटायझरची बाटली पुरेशी नाही, मातीने-शेणाने माखलेल्या हातावर त्याचा उपयोग होत नाही. म्हणजे जाळीतून बाहेर पडायच्या वाटेवरच नळ हवा आणि खाण्याचे स्टॉल त्याच्या पलीकडे. दूध-बाटली, चोखणी, बिस्किटाचा पुडा घेऊन आत प्रवेश नाही.

पाच वर्षांखालच्यांना हे आजार जड जातात, कारण हात तोंडात. दीड-दोन वर्षांच्यांनी जाळीबाहेरून बघावं. गरोदर बायकांनी शेळ्यांच्या जवळ जाऊ नये, आणि गाभण किंवा नुकती व्यालेली शेळी कार्यक्रमाला आणूच नये. कुणावर केमोथेरपी वगैरे चालू असेल तर त्यांनीही लांब राहावं.

ससा किंवा गिनी पिग चावला तर जखम साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघतील. रेबीजची शक्यता तिथे नगण्य. पण कुत्र्याच्या पिल्लाने दात लावला किंवा ओरखडलं तर 'एवढंसं तर आहे' म्हणू नका. 'उपलब्धतेनुसार' येणारी पिल्लं कुठून येतात, लस झाली का, आईपासून कितव्या आठवड्यात तोडली, हे कुणालाच माहीत नसतं. ती पॅकेजमधून काढाच.

कायद्याचं थोडक्यात: तिकीट लावून प्राण्यांचं प्रदर्शन किंवा खेळ करायचा असेल तर 2001च्या नियमांखाली प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. सोसायटीच्या आत, बिनतिकिटाचा कार्यक्रम त्या व्याख्येच्या कडेला पडतो, म्हणून हे लोक बिनधास्त फिरतात. मात्र 1960चा क्रूरताविरोधी कायदा सगळीकडे लागू आहे. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही 10 ते 50 रुपये आहे. एका कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिटतो, त्यामुळे त्याचा धाक कुणाला नाही. देशी पोपट-कासव दिसलं तर मात्र वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे, तिथे प्रकरण खरंच हलतं.

सरेकर

इंग्लंडमधून लिहितेय. आमच्या इथे शाळांच्या समर फेअरला असे प्राणी सर्रास येतात. 2018च्या नियमांनुसार प्राण्यांचं प्रदर्शन करणाऱ्याला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, तो तीन वर्षांचा असतो, आणि आम्ही पीटीएवाले (पालक-शिक्षक संघ) बुकिंगच्या आधी त्याचा नंबर मागतो. तो असला की सगळं आलबेल असं नाही, पण निदान कुणीतरी एकदा जाऊन पिंजरे बघितलेले असतात.

हात धुण्याबद्दल इथले लोक इतके काटेकोर का, याला कारण आहे. 2009च्या उन्हाळ्यात आमच्याच सरे परगण्यात गॉडस्टोन फार्म नावाच्या शेतावर मुलं प्राणी बघायला गेली आणि 93 जणांना ई. कोलाय ओ157ची लागण झाली. बहुतेक लहान मुलं. काहींच्या किडन्या निकामी होण्यापर्यंत वेळ आली. मी तेव्हा इथे नवीन होते, माझा मुलगा पाळणाघरात, आणि रोज बातम्यांत तेच. तेव्हापासून आमच्या शाळेत एक स्वयंसेवक फक्त नळापाशी उभा असतो. त्याचं काम एवढंच, की एकही मूल तसंच पुढे केकच्या टेबलाकडे जाऊ नये. कंटाळवाणं काम आहे, मी केलंय. पण पन्नास मुलं म्हणजे असा एक माणूस आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी सगळे फोटो काढण्यात असतात.

तिरकस

सरेकर, +१. आमच्या सोसायटीत नळापाशी उभा राहायला कुणी मिळणार नाही, पण नळाचं उद्घाटन करायला नगरसेवक मिळतील.

वाकडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून मीटिंगला नेलं. आणि हो, आमच्या पोडियमवर कण्हेर आहे. लहान मुलांच्या घसरगुंडीला लागूनच आहे, म्हणजे शेळी येवो न येवो, ती काढायला अर्ज दिलाय.

काल त्या माणसाला फोन केला. पोपटांचा कागद म्हटल्यावर तो म्हणाला, 'पोपट राहू द्या मॅडम, त्याच्याऐवजी चार ससे वाढवतो.' (शिवगंगाकाठदादा, तुम्ही म्हणालात तसंच!) लसीचं विचारलं तर 'सगळं झालेलं आहे'. कधी, ते सांगता येईना. विश्रांतीचं विचारल्यावर कळलं की त्याच दिवशी आमच्या आधी हिंजवडीत एक आणि आमच्यानंतर बाणेरला एक कार्यक्रम आहे. बालदिन म्हणजे त्याचा सीझन. वाईट बोलला नाही हो, उलट अजिजीने म्हणाला की लोक पिल्लं मागतात म्हणून ठेवतो, नाही ठेवली तर दुसऱ्याला बुक करतात. मला त्याचा रागही धड आला नाही.

मीटिंगमध्ये रंगीत पिल्लं एकमताने रद्द झाली. ते काकासुद्धा 'मला वाटलं प्लॅस्टिकची असतील' म्हणाले! पण उरलेल्या पॅकेजवर दोन तट पडलेत. आता कमिटी म्हणतेय की तूच दुसरं कुणीतरी सुचव. शिवगंगाकाठदादा, तुम्ही याल का? आठ ते दहा चालेल, आत सहाच मुलं चालतील, नळाची सोय करतो. नळापाशी उभी मी राहते.

शिवगंगाकाठ

ताई, 14 तारखेला नाही जमणार. आमच्या शेळ्या याच दिवसांत वितात, यंदा पाच-सहा भरत आल्यात. घरचे सगळे गोठ्यात असतात आणि डॉक्टरसाहेबांनी लिहिलंच आहे, अशा वेळी जनावर बाहेर काढत नाही.

तुम्हीच या. महिनाअखेरचा कुठलाही शनिवार-रविवार, सकाळी. तोवर करडं महिन्याची नसतील, ती तुम्हाला लांबूनच दाखवीन, पण चंपी, बोकड, ससे, गिनी पिग, खुराड्यातली कोंबडी पिल्लांसकट, सगळं जागेवर बघायला मिळेल. जनावर आपल्या जागेवर असलं की त्याचं वागणंच वेगळं असतं. ससा बिळात जातो, येतो, पोरांना विचारत नाही. एका वेळी पंचवीसच्या वर मुलं नको, दोन बॅच करा. तुमच्या बाराएक हजारांत बस निघेल आणि हुरडा तयार असला तर तोही होईल, नाहीतर पिठलं-भाकरी आहेच.

नळ तीन आहेत, साबण आम्ही ठेवतो. पोरांना जुने कपडे आणि बंद बूट घाला, शेताच्या बांधावर काटे आहेत. मोठी बस आत वळत नाही, ती हायवेलाच थांबवावी लागेल, तिथून मी गाडी पाठवतो. आणि दीड वर्षाच्यांना आणणार असाल तर प्रत्येकामागे एक मोठं माणूस, मोबाइल खिशात ठेवणारं.

तिरकस

हुरड्याचं नक्की असेल तर वाकडमध्ये फ्लॅट बघायला घेतो.